गिरणीच्या भिंतीलगतचा हेडसेट

मित्रांनो, माझ्या कानांवरची काळी गादी आता जागोजागी सोलवटली आहे आणि डोक्यावरची पट्टी एका अंगाने सैल झाली आहे. तरीही स्वतःची ओळख करून देताना मला संकोच वाटत नाही. मी एक जुना बिनतारी हेडसेट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल या तालुक्याच्या गावी, तांदळाच्या एका गिरणीच्या भिंतीलगत, मी माझे उमेदीचे आयुष्य काढले. ते कसे गेले, हे सांगण्यासारखे आहे असे मला वाटते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. कानांवर बसतील अशा दोन वाट्या, त्यांना जोडणारी पट्टी आणि डाव्या वाटीपासून तोंडापर्यंत येणारी एक बारीक दांडी, एवढेच माझे शरीर. त्या दांडीच्या टोकाला बसवलेला मायक्रोफोन मात्र फार विचाराने घडवलेला होता. तोंडाजवळचा आवाज तेवढा घ्यायचा आणि दुरून येणारा गलका शक्य तितका बाहेर ठेवायचा, हा त्याचा स्वभाव. माझ्या पेटीत माझा एक छोटा जोडीदारही होता, अंगठ्याच्या पेराएवढा रिसीव्हर. त्याने संगणकात बसायचे, मी माणसाच्या डोक्यावर बसायचे. आम्हा दोघांत तार नव्हती. तरी एका खोलीत असेपर्यंत आमची ताटातूट होत नसे.

दोन हजार आठ सालच्या हिवाळ्यात मला रश्मी रामटेके नावाच्या तरुणीने नागपूरच्या एका दुकानातून विकत घेतले. रश्मी मूलला एका खोलीत संगणकाचे वर्ग चालवत असे. त्या सुमारास नागपूरच्या एका संस्थेने धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सल्लाकेंद्र काढायचे ठरवले होते. शेतकऱ्याने फोन करायचा, तो इंटरनेटवरून संगणकात यायचा आणि समोर बसलेल्या मुलीने त्याची अडचण त्याच्याच बोलीत समजून घ्यायची, अशी ती योजना होती. असे केंद्र आपल्या खोलीत यावे आणि गावातल्या मुलींना गावातच काम मिळावे, अशी रश्मीची इच्छा होती.

तिच्यापुढे अडचण होती ती भिंतीपलीकडच्या गिरणीची. त्या काळी भारनियमन फार असे. गावात वीज असेल तेव्हाच गिरणी चाले, आणि संगणकही तेव्हाच चाले. वीज गेली की गिरणी शांत होई, पण मग संगणकही मुका होई. त्यामुळे शांतता आणि काम यांची गाठ त्या खोलीत कधी पडतच नसे. शिवाय गिरणीत कोंडा, आणि कोंड्यापाठोपाठ उंदीर. रश्मीचे आधीचे तारेचे दोन हेडसेट उंदरांनी कुरतडून टाकले होते. तिसऱ्या खेपेला तिने दुकानदाराला विचारले, "ज्याला वायरच नाही, असा काही मिळतो का?" दुकानदाराने मला फळीवरून खाली काढले. माझी निवड माझ्या रूपावरून झाली नाही, उंदरांमुळे झाली, हे मी आजही मोकळेपणाने सांगतो.

माझी जोडणी हे एका दुपारचे काम झाले. रश्मीने प्रथम मला चार्जिंगला लावले आणि माझा दिवा हिरवा होईपर्यंत धीर धरला. मग माझ्या जोडीदाराला तिने संगणकाच्या मागच्या बाजूला बसवले. तिथे भिंतीशी लोखंडी कपाट होते; त्याच्या आडून आमचे बोलणे तुटू लागले. तिने त्याला काढून पुढच्या बाजूला बसवले आणि आमची गाठ पुन्हा पक्की झाली. त्यानंतर तिने काहीतरी बोलून ते संगणकात साठवले आणि ऐकून पाहिले. ऐकू आली ती निव्वळ गिरणी. झाले असे होते की, ऐकवण्याचे काम तिने संगणकाला सांगून माझ्याकडे दिले होते, पण ऐकण्याचे काम अजून टेबलावरच्या जुन्या मायक्रोफोनकडेच राहिले होते. ध्वनीच्या मांडणीत ही दोन कामे दोन ठिकाणी नेमावी लागतात. तिने दुसरे कामही माझ्या नावे केले, दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे दूर वळवली आणि पुन्हा बोलली. या वेळी तिचा आवाज धुतलेल्या तांदळासारखा स्वच्छ उमटला. गिरणी कुठेतरी लांब, माजघरात बोलणाऱ्या माणसासारखी पुसट ऐकू येत होती. रश्मी हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो पहिला अभिमानाचा क्षण.

माझ्या डाव्या वाटीवर बाहेरच्या अंगाला एक बटण होते. ते दाबले की माझा मायक्रोफोन बंद होई, कानात बारीकशी शीळ वाजे आणि बटणाजवळ लाल दिवा लागे. पुन्हा दाबले की पुन्हा शीळ वाजून मायक्रोफोन सुरू होई आणि दिवा विझे. रश्मीला जोडणी करताना त्या बटणाची गरजच पडली नाही. म्हणून तिने त्याबद्दल कोणाला काही सांगितले नाही.

केंद्रातल्या पहिल्या जागेसाठी रश्मीने गोकुळा मांढरे या मुलीचे नाव कळवले होते. गोकुळाच्या घरचे लोक तलावात मासे धरणारे. ती बारावी झाली होती आणि रश्मीच्या वर्गात संगणक शिकली होती. नागपूरहून त्या संस्थेच्या साठवणे मॅडम फोनवर तिची तोंडी परीक्षा घेणार होत्या, तीही माझ्यातूनच. त्यांना ती पसंत पडली तर केंद्र मूलला आणि काम गोकुळाला. नाहीतर केंद्र गडचिरोलीकडच्या आरमोरीला. गोकुळाच्या आईची, गुणाबाईची, तयारी वेगळीच होती. दरवर्षी हिवाळा सरता सरता आमच्याकडच्या बायका मिरची तोडायला दक्षिणेला आंध्रात जातात. गुणाबाईने मुकादमाला आपल्यासोबत मुलीचेही नाव सांगून ठेवले होते. ती रश्मीच्या खोलीत येऊन हे बोलून गेली, तेव्हा मी टेबलावरच होतो.

"पास झाली तं रायजो," गुणाबाई म्हणाली. "नाई झाली तं गाडीत बसजो. घरी बसून काय करशीन तू?"

"माय, एकदाची परीक्षा तं होऊ दे," गोकुळा म्हणाली.

"होऊ दे ना. मी कुठी नाई म्हणून राह्यली? पण मिरची तुह्या परीक्षेसाठी थांबत नाई."

गुणाबाई कठोर नव्हती. तिच्या बोटांना मिरचीची आग ठाऊक होती, आणि मुलीच्या बोटांना ती ठाऊक होऊ नये असेही तिला वाटत असणार. पण तिच्या हातात दुसरे काही नव्हते.

परीक्षेच्या दोन दिवस आधी नागपूरहून निरोप आला की तारीख अलीकडे घेतली आहे. नेमकी त्याच दिवशी रश्मीची स्वतःची बी.एड.ची परीक्षा चंद्रपूरला होती. ती काळजीत पडली. तेव्हा तिचे वडील सोमाजी पुढे झाले. सोमाजी वनखात्यातून निवृत्त झालेले. परिक्षेत्राच्या कार्यालयात त्यांनी सारी नोकरी वायरलेसच्या संचावर केली होती. उन्हाळ्यात जंगलाच्या कोणत्या बीटमध्ये, म्हणजे कोणत्या भागात, वणवा लागला, कोणता रस्ता पुराने तुटला, हे सारे जंगलभर त्यांच्याच आवाजातून पोचत असे.

"तू आपली जाय," ते रश्मीला म्हणाले. "मी आहो ना. जिंदगी वायरलेसवर गेली माही. ह्या पोरीले तयार करतो."

"बाबा, हे वेगळं आहे थोडं."

"वेगळं काय आहे? एक बोलते, एक ऐकते."

रश्मीने त्यांना संगणकावर फोन कसा घ्यायचा तेवढे दाखवले आणि ती गेली.

सोमाजींनी गोकुळाला शिकवायला सुरुवात केली, आणि खरे सांगतो, त्यांच्यासारखा शिक्षक मी नंतर पाहिला नाही. गोकुळाचा आवाज मोठा होता. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पाण्यात डोंग्यात बसलेल्या बापाला हाका मारण्यात तिचे लहानपण गेले होते. माझ्या दांडीत ती पहिल्यांदा बोलली तेव्हा माझा मायक्रोफोन अक्षरशः फाटल्यासारखा झाला.

"हळू," सोमाजी म्हणाले. "तुहा बाप इथी तलावात नाई बसला. कानाजवळ बोलल्यावानी बोल."

"कानाजवळ बोलली तं ऐकू येईन का नागपूरले?"

"नागपूर तुह्या ओठाजवळच आहे असं समज."

त्यांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली. समोरच्याने जे सांगितले ते आधी आपल्या तोंडाने परत सांगायचे, त्याने होकार दिला की मगच पुढे जायचे. वणव्याच्या बातमीत एका नाल्याचे नाव चुकले तर माणसे भलत्या डोंगरावर जातात, असे ते म्हणत. गोकुळाने ती सवय चटकन उचलली.

मग त्यांनी तिसरी गोष्ट शिकवली. माझ्या वाटीवरचे बटण त्यांच्या बोटाला सापडले होते.

"हे पाय. बोलाच्या आधी हे दाबाचं. दाबून धराचं, बोलाचं, अन् सोडाचं. सोडल्याबिगर समोरच्याचं येत नाई. आमच्या संचाले असंच होतं."

गोकुळाने बटण दाबले. तिच्या कानात शीळ वाजली. "वाजलं भाऊ काहीतरी."

"वाजणारच. रस्ता मोकळा झाला म्हणून वाजते."

माझा लाल दिवा लागला. गोकुळाला तो दिसणे शक्यच नव्हते, तो तिच्या गालापलीकडे होता. सोमाजींना मात्र तो समोर दिसला आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. कारण त्यांच्या संचावर लाल दिव्याचा अर्थ एकच होता, तुमचा आवाज निघाला आहे.

मित्रांनो, माझी घालमेल तुम्ही समजू शकाल. मला साऱ्या जगाचे बोलणे पोचवता येते, पण माझे स्वतःचे एक अक्षर कोणापर्यंत पोचवता येत नाही. दोन दिवस सराव चालला. गोकुळा बटण दाबून बोलायची, सोमाजी समोर खुर्चीत बसून ऐकायचे. दर दुसऱ्या खेपेला दिवा विझलेला दिसे, तेव्हा तो सैल बसला असेल असे त्यांना वाटे. ते तिच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांना तिचे सारे बोलणे उघड्या कानांनी ऐकू येत होते. पलीकडच्या टोकाला कोणीच नव्हते. चूक उघडकीला यायला जागाच नव्हती.

परीक्षेच्या सकाळी वीज आली, गिरणी सुरू झाली आणि संगणकाच्या पडद्यावर नागपूरचा फोन वाजू लागला. गोकुळा ताठ बसली. सोमाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गोकुळाने फोन घेतला.

"नमस्कार, मी साठवणे बोलते. तुमचं नाव सांगा," मॅडमचा आवाज माझ्या वाट्यांत आला.

गोकुळाने बटण दाबून धरले, शीळ ऐकली आणि स्पष्ट, हळू आवाजात नाव सांगितले. सुंदर सांगितले. पण माझे दार बंद होते. ते नाव माझ्या उंबरठ्यावरच राहिले.

"हॅलो? आवाज येत नाही."

गोकुळाने पुन्हा बटण दाबले. दार उघडले. "मॅडम, मी गोकुळा मांढरे. मूलवरून बोलते."

"हां, आता आला. शिक्षण किती झालंय?"

पुन्हा बटण, पुन्हा बंद दार. एक उत्तर पोचायचे, एक नाही. गोकुळाला वाटले की लाइन खराब आहे. सोमाजींना वाटले की गिरणीचा दोष आहे. त्यांनी उठून खिडकी लावली, आणि परत येऊन बसताना लाल दिवा पाहून बोटाने खूण केली की ठीक चालले आहे. साठवणे मॅडम समजूतदार होत्या. तेच तेच प्रश्न त्या न रागावता पुन्हा विचारत होत्या. पण शेवटी त्यांचाही धीर सुटत चालला.

"गोकुळा, तुम्ही चांगलं बोलता, पण निम्मंच ऐकू येतं. शेतकरी एकदा हॅलो म्हणेल, दोनदा म्हणेल, मग फोन ठेवेल. तुमच्याकडची लाइनच अशी असेल, तर मला आरमोरीचा विचार करावा लागेल."

गोकुळाने बटण दाबले. या वेळी दार उघडण्याची पाळी होती. "दोन मिनिटं थांबा मॅडम. मी पायते काय झालं ते."

मग तिने बोट सोडले. फोन ठेवला नव्हता. पण तिच्या समजुतीप्रमाणे आता तिचे बोलणे बाहेर जात नव्हते. ती सोमाजींकडे वळली, आणि दोन दिवस दाबून ठेवलेला तिचा खरा आवाज बाहेर आला.

"भाऊ, ह्या बाईले माहं अर्धंच ऐकू येऊन राह्यलं. बाकीचं अर्धं कुठी जाते? गिरणीनं कांडलं का? उद्या माय निघते मिरचीले. मलेई नेईन. तिथी बरं आहे, मिरचीसंगं बोला नाई लागत. बोटाची आग झाली तं झाली, कोणी हॅलो हॅलो तं नाई म्हणत."

"मिरचीला कोण चाललंय?"

गोकुळा दचकली. हा प्रश्न सोमाजींनी विचारला नव्हता. तो माझ्या वाट्यांतून आला होता. तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मध्येच थबकला. ती तशीच, हात हवेत ठेवून, अगदी हळू म्हणाली, "मॅडम, तुमाले ऐकू आलं?"

"सगळं. अगदी शेजारी बसल्यासारखं."

गोकुळाने हात खाली घेतला. बटण न दाबताही ऐकू गेले, म्हणजे दर दुसऱ्या खेपेला आपणच ते दाबून आवाज बंद करत होतो, हे तिच्या ध्यानात आले. तिच्या कपाळावरची आठी कशी सैल होत गेली, ते मला डोक्यावरच्या पट्टीतून जाणवले. तिने सोमाजींकडे पाहिले. सोमाजींची नजर माझ्या दिव्यावर होती. तो विझलेला होता, आणि तरी नागपूरला ऐकू आले होते. जन्मभर जपलेल्या लाल दिव्याचा अर्थ त्यांच्या डोळ्यांदेखत उलटा झाला होता.  गुडघ्यावरचे त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतले.

"मघापासून काय होत होतं मग?" मॅडमनी विचारले.

"मीच एक बटण दाबत होती मॅडम," गोकुळा म्हणाली. "मले सवय नव्हती."

सोमाजी खुर्चीतून उठले. "नाई मॅडम," ते मोठ्याने म्हणाले, "तिची चूक नाई. बटण दाबाले मी शिकवलं."

पण मित्रांनो, मी मघाशीच सांगितले, दुरून येणारा आवाज बाहेर ठेवणे हा माझा स्वभाव. गिरणीला मी जसे बाहेर ठेवले होते, तसेच त्या सत्यालाही ठेवले. नागपूरला त्यातले काहीच गेले नाही. ते सोमाजींच्याही ध्यानात आले असावे; कारण ते टेबलाला वळसा घालून गोकुळाजवळ आले आणि बोलण्यासाठी माझ्या दांडीपाशी वाकले.

तेव्हा गोकुळाने बटण दाबले. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते ज्या कामासाठी बनवले होते त्या कामासाठी दाबले. शीळ वाजली, लाल दिवा लागला.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "त्याहिले काय करायचं आहे ते सांगून?"

"पण तुह्यावर येईन ना बदनामी. परीक्षा तुही आहे."

"तुमी शिकवलं नसतं तं मी तलावावरच्यावानी वरडत बसली असती. बसा बरं. बाई थांबून राह्यली."

सोमाजी बसले. गोकुळाने बटण पुन्हा दाबले आणि म्हणाली, "सांगा मॅडम. आता नाई तुटणार."

साठवणे मॅडम म्हणाल्या, "समजा मी शेतकरी आहे. माझ्या शेतातल्या बांधीत धानाचा मधला पोंगा, ती मधली कोवळी सुरळी, वाळून गेलाय. मी काय करू?"

गोकुळा उठली. भिंतीवर धानाच्या रोगांचे चित्र टांगलेले होते, पार दाराजवळ. तारेचा हेडसेट असता तर तिला मला काढून ठेवून जावे लागले असते. मी तिच्या डोक्यावर बसूनच तिच्यासोबत गेलो, आणि संगणकातला माझा जोडीदार आम्हाला तिथूनही धरून राहिला.

"तुमच्या बांधीत धानाचा मधला पोंगा वाळला, असं म्हणता ना बापू तुमी?" ती म्हणाली. "बाजूचे पानं हिरवे आहेत का तेई पिवळे झाले?"

"हिरवी आहेत."

"बाजूचे हिरवे, मधलाच वाळला. बराबर? मंग तो पोंगा हातानं ओढून पाहा. अलगद निघते का?"

"निघतो."

"मंग खोडकिडा असू शकते. इथी चित्रात तसंच दाखवलं आहे. पण औषध मी नाई सांगत बापू. नुसतं ऐकून औषध सांगणं बरं नाई. मी फोन आमच्या कृषीच्या साहेबाले जोडून देते, तुमचं सांगणं त्याहिले जसंच्या तसं सांगते. तवर अशे पोंगे किती ठिकाणी आहेत ते मोजून ठेवा."

 मॅडमचा आवाज बदलला. "गोकुळा, मी आतापर्यंत पुष्कळ मुलींच्या परीक्षा घेतल्या. शेतकऱ्याचं म्हणणं आधी परत सांगून पक्कं करायचं, हे मी कोणालाच शिकवलेलं नाही. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या सोमाजी भाऊनं," गोकुळा म्हणाली.

त्या खोलीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकणारे आम्ही दोघेच होतो, गोकुळा आणि मी. सोमाजींना फक्त उत्तर ऐकू आले. त्यांनी स्वतःचे नाव ऐकले आणि खाली मान घातली. शेवटी पोरीने सांगून टाकले, असे त्यांना वाटले असणार. ते बरेच झाले, अशाही भावाने त्यांनी एकदा मान हलवली. गोकुळाच्या ते लक्षात आले. तिने मला आपल्या डोक्यावरून उतरवले आणि सोमाजींच्या पांढऱ्या केसांवर नीट बसवले.

"ऐका भाऊ. मॅडम, भाऊ इथीच आहेत. मले जे म्हटलं ते एकदा त्याहिले म्हणा."

मॅडमनी ते पुन्हा म्हटले आणि आपला निर्णयही सांगितला. सोमाजी ऐकत राहिले.  मग त्यांनी मॅडमचे सांगणे, जसे जन्मभर प्रत्येक निरोपाचे केले होते तसे, सावकाश परत सांगितले. "परत सांगण्याची पद्धत चांगली आहे. इथल्या सगळ्या मुलींना ती शिकवावी. केंद्र मूललाच होईल. मॅडम, बराबर?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिरचीची गाडी गेली. गुणाबाई तीत एकटीच बसली. जाताना ती केंद्राच्या दारात उभी राहून म्हणाली, "खोलीतच बसाचं आहे ना तुले? मंग डोकं झाकत जाय, कोंडा लय उडते इथी." आणि ती वळून चालू लागली.

मित्रांनो, त्यानंतर कितीतरी हंगाम मी काम केले. सिंदेवाहीच्या, पोंभुर्ण्याच्या, गडचिरोलीकडच्या बांधींतून येणारे आवाज माझ्या वाट्यांतून गेले. करपा, तुडतुडे, गादमाशी ही धानाच्या रोगकिडींची नावे मला पाठ झाली. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत चिखलात उभ्या माणसाचा आवाज कसा येतो आणि पीक हाती लागल्यावर आभार मानायला केलेल्या फोनमधला कसा येतो, हा फरक मी ओळखू लागलो. गोकुळाच्या हाताखाली पुढे आणखी मुली आल्या. सोमाजी दर आठवड्याला येऊन त्यांना शिकवत. पहिल्याच धड्याला ते मला हातात धरून माझे बटण दाखवत आणि सांगत, "हा लाल दिवा आहे ना, हा लागला का आपलं कोणी ऐकत नाई. मले हे समजाले म्हातारपण लागलं." मुली हसत. तेही हसत. ती चूक गोकुळाने झाकली होती. ती उघड करायची ते त्यांनी स्वतः ठरवले, आणि तेही चारचौघींसमोर, शिकवण्याच्या कामी. मला त्यांचा अभिमान तेव्हा सर्वांत जास्त वाटे.

पण वय कोणाला चुकत नाही. प्रथम माझी बॅटरी थकली. दिवसभर टिकणारी ती दुपारीच मान टाकू लागली. मग वाट्यांवरची गादी घामाने भेगाळली. नवे, हलके हेडसेट आले. माझी रवानगी आधी खणात, मग कपाटावर झाली. तिथे माझ्यावर कोंड्याची पांढरी साय बसली. माझा छोटा जोडीदार एका साफसफाईत कुठे गेला, ते मला ठाऊक नाही. त्याच्याविना माझ्यातून आता काहीच ऐकू येत नाही. ही गोष्ट सांगताना मात्र मला थोडे वाईट वाटते.

तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखी पुष्कळ नवी यंत्रे येतील. त्यांच्यावरचा घाम पुसून ठेवा, त्यांना वेळेवर चार्ज करा, जोडीची वस्तू जोडीनेच ठेवा. आमची बॅटरी चुलीत किंवा नाल्यात टाकू नका. ती माती आणि पाणी दोन्ही बिघडवते. आम्ही निकामी झालो तर जिथे जुनी यंत्रे गोळा करतात तिथे आम्हाला पोचवा. एवढी काळजी घेतलीत तरी आम्हाला पुष्कळ झाले.

आणि आणखी एक विनंती आहे. नवे यंत्र घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्याल, तेव्हा त्यांचे बोट जुन्या सवयीने भलत्याच बटणावर जाईल. त्या वेळी हसू नका आणि घाईने यंत्र हिसकावूनही घेऊ नका. शेजारी बसा. ते यंत्र त्यांना समजेपर्यंत तुम्ही त्यांचे म्हणणे ऐका.